'कोणाचो?' आणि 'खंयचो?' : मालवण किनाऱ्यावरील 'कर'-अन्त आडनावांचा इतिहास

१

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर अनोळखी माणसाची ओळख करून घेण्याचे दोन प्रश्न रूढ आहेत. समोरचा पोर गावातलाच असावा असा अंदाज असेल, तर वडीलधारे माणूस विचारते, 'तू कोणाचो?' तो परगावचा दिसला, तर प्रश्न बदलतो : 'तू खंयचो?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर बापाच्या, आजाच्या किंवा घराच्या नावाने दिले जाते; दुसऱ्याचे गावाच्या नावाने. पहिला प्रश्न नाते शोधतो, दुसरा वाट शोधतो. आडनावाच्या इतिहासाचा विचार करताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. कारण जगातील बहुतेक आडनावे यांपैकी एका प्रश्नाची गोठलेली उत्तरे आहेत. उरलेली आडनावे 'काय करतोस?' या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे होत.

मराठीतील 'कर'-अन्त आडनावे उघडच दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे आहेत. खानोलीचा तो खानोलकर, परुळ्याचा तो परुळेकर, आचऱ्याचा तो आचरेकर, नेरूरचा तो नेरूरकर, बांद्याचा तो बांदेकर. या पारदर्शकतेमुळेच त्यांच्याविषयी एक समज दृढ झाला आहे. हे आडनाव म्हणजे मातीशी असलेल्या नात्याची खूण, गावात रुजलेल्या मुळांचा पुरावा, असे मानले जाते. मराठी समीक्षेतही कोकणच्या लेखकाविषयी लिहिताना ही भाषा सहज येते. लेखकाचे आडनाव, त्याचे गाव आणि त्याच्या साहित्यातील भूमी यांची एक सरळ रेघ ओढली जाते. प्रस्तुत लेखात या समजाची उलट बाजू मांडावयाची आहे. 'कर'-अन्त आडनाव मुळात गावात राहणाऱ्याचे नाव नव्हे. ते गाव सोडून गेलेल्याचे नाव आहे. ते गावाच्या वेशीबाहेर, दुसऱ्याच्या तोंडी जन्मते. हे मान्य केले, तर या आडनावांतून वाचावयाचा इतिहास स्थैर्याचा राहत नाही, स्थलांतराचा ठरतो. आणि ज्यांना 'कोणाचो?' या प्रश्नाचे उत्तर देणे समाजाने अशक्य करून ठेवले होते, त्यांनी या प्रत्ययाचा आसरा का घेतला, याचाही उलगडा होतो.

'आडनाव' हा शब्दच या संदर्भात बोलका आहे. आडवाट म्हणजे मुख्य रस्त्याच्या बाजूची वाट. आडगाव म्हणजे वाहत्या रस्त्यापासून दूरचे गाव. त्याच 'आड'ने बनलेले आडनाव हे मुख्य नावाच्या बाजूला उभे असलेले, प्रसंगी पुढे येणारे नाव. संस्कृत ग्रंथांच्या पुष्पिकांत 'उपनामक' हा शब्द येतो, त्याचाही भाव हाच. पेशवेकालीन पत्रव्यवहारात स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावर ओळख पुरी होत असे. आडनाव सापडले तर सापडले. एकोणिसाव्या शतकातही 'दादोबा पांडुरंग' हे नाव मराठी व्याकरणाच्या इतिहासात तर्खडकर या आडनावावाचून पुरेसे होते. आडनाव प्रत्येकाला, प्रत्येक ठिकाणी आणि कायम असलेच पाहिजे, ही कल्पना आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ अलीकडची आहे.

२

प्रथम प्रत्ययाचा विचार. 'कार' हे कर्तृवाचक पद मराठीत दोन अवस्थांत आढळते. कुंभकारापासून कुंभार, सुवर्णकारापासून सोनार, लोहकारापासून लोहार, चर्मकारापासून चांभार ही पहिली अवस्था. येथे प्राकृतांतील नियमाप्रमाणे दोन स्वरांमधला 'क' लोपला, आणि प्रत्यय मूळ शब्दात इतका मुरला की तो वेगळा काढता येत नाही. संस्कृतापासून देशी भाषांपर्यंतच्या अशा ध्वनिपरिवर्तनांचा क्रम रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७च्या विल्सन व्याख्यानांत पद्धतशीरपणे उलगडला. भांडारकरांचा जन्म १८३७चा, मालवणचा. त्यांच्या मार्गाने जाऊन गावनामांना लागणाऱ्या 'कर'कडे पाहिले, तर वेगळे चित्र दिसते. खानोलकर, पेंडूरकर, कुडाळकर या रूपांत 'क' शाबूत आहे. म्हणजे ही घडण प्राकृतांच्या मुशीतून वितळून आलेली नाही. मराठी ही मराठी झाल्यानंतर, गावाचे नाव एक स्वतंत्र शब्द म्हणून कानांत ठसलेले असताना, त्याला बाहेरून जोडलेला हा प्रत्यय आहे. आणि तो अजून जिवंत आहे. उद्या कोणी नव्या गावाहून आला, तर त्याला त्या गावाचा 'कर' म्हणण्यास मराठी भाषकाला व्याकरणाची परवानगी लागत नाही.

जोडणीची रीतही पाहण्यासारखी आहे. सातारा या आकारान्त नावापासून घाटावर 'सातारकर' झाले. परंतु दक्षिण कोकणात बांदा, आरोंदा, आचरा या नावांपासून बांदेकर, आरोंदेकर, आचरेकर अशी एकारयुक्त रूपे झाली. खानोली आणि रेडी या नावांतील अन्त्य ईकार खानोलकर, रेडकर या रूपांत गळून पडला, तर कणकवलीकर या शब्दात तो टिकला. असे भेद नियमपुस्तकातून येत नाहीत, तोंडी वापरातून येतात. जी रूपे घासून गुळगुळीत झाली, ती पुष्कळ तोंडांतून गेली असावीत; आणि ती तोंडे गावाबाहेरची होती.

आता चरित्रांची साक्ष घ्यावी. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर १८१२ साली देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे जन्मले. त्यांना पोंभुर्लेकर म्हटले जात नाही. चिंतामण त्र्यंबक खानोलकर १९३० साली तेंडोलीच्या बागलांच्या राईत जन्मले. त्यांचे आडनाव तेंडोलकर नाही. विंदा करंदीकर १९१८ साली देवगड तालुक्यातील धालवलीत जन्मले. त्यांच्या आडनावात धालवली नाही. जन्मगाव आणि आडनावातील गाव यांत पडलेले हे अंतर म्हणजे आडनावाच्या कार्याचा पुरावा होय. कुटुंबाने खानोली सोडून तेंडोलीत घर केले, तेव्हा तेंडोलीच्या लोकांनी त्याला 'खानोलकर' म्हटले. आडनावात दिसते ते राहते गाव नसते. त्याच्या मागचे, सोडलेले गाव असते. स्थलांतराच्या लांब साखळीतील एकच कडी त्यात पकडली जाते. त्या कडीच्या आधी काय होते, हे आडनाव सांगत नाही, आणि नंतर काय झाले, हेही सांगत नाही.

यावर आक्षेप घेता येईल की, आचऱ्यातही आचरेकर सापडतात आणि मालवणात मालवणकर राहतात. हे खरे आहे. पण आडनाव एकदा स्थिर झाले की ते परत फिरलेल्या कुटुंबाबरोबरही येते, गावात राहिलेल्या भाऊबंदांनाही चिकटते, आणि सरकारी कागदाला दुसरे काही सुचले नाही तर तोही गावाचेच नाव लिहितो. नियम प्रत्येक धारकाविषयी नाही, उगमाविषयी आहे. इंग्लंडच्या आडनावांच्या अभ्यासकांनीही हेच निरीक्षण नोंदविले आहे. नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत तेथे स्थलवाचक आडनावे रुजली, ती प्रामुख्याने ते ते स्थळ सोडून आलेल्यांना मिळाली. सगळेच एका गावचे असतील, तर गावाच्या नावाने कोणालाच वेगळे काढता येत नाही.

३

गावात राहणाऱ्याला आडनाव नव्हते काय? होते, पण ते वेगळ्या जातीचे होते. दक्षिण कोकणात गावऱ्हाटीच्या व्यवस्थेत ज्यांना मान होता, त्या बारापाच मानकऱ्यांची नावे हक्क आणि पद सांगतात. सावंत हे 'सामन्त'चे रूप. ग्रामचे गाव व्हावे, नामाचे नाव व्हावे, त्याच नियमाने सामन्ताचा सावंत झाला. सावंतवाडीच्या राजघराण्याने हे पदवाचक नाव भोसले या कुलनामाला जोडून ठेवले. दळवी हे लष्करी पद, देसाई हे वतनी पद, प्रभू हे अधिकारवाचक पद. समुद्रावर तांडेल आणि सारंग ही जहाजावरील पदे तशीच आडनावे झाली. खुद्द भांडारकर हे आडनावही गावाचे नव्हे. घराण्याच्या वृत्तांतानुसार मूळ आडनाव पत्की; एका पूर्वजाकडे भांडाराचे काम आले, त्यावरून भांडारकर. एकाच 'कर'ने येथे स्थळाऐवजी कचेरी दाखविली आहे. प्रत्येक 'कर'मागे नकाशा उघडून बसणाऱ्याला हा इशारा पुरेसा आहे.

या व्यवस्थेत 'गावकर' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात गावकर म्हणजे गावात राहणारा कोणीही नव्हे. गावाच्या जमिनीत, देवस्थानात आणि निर्णयात ज्याचा परंपरागत वाटा आहे तो. गोव्यातील या गावकऱ्यांचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी १५२६च्या सनदेत नोंदविले, ते महसुलाच्या सोयीसाठी असले तरी, हक्कदार आणि रहिवासी यांतील फरक त्यांनाही ओळखावा लागला. तेव्हा एकाच प्रत्ययाने दोन परस्परविरोधी शब्द घडविले आहेत. 'गावकर' हा हक्कदार आहे, कारण गाव त्याचे आहे. 'खानोलकर' हा नवागत आहे, कारण गाव त्याच्या मागे राहिले आहे. पहिल्या शब्दात गाव अनाम असते. त्याला नाव लागत नाही, कारण बोलणारे सगळे त्यातच उभे असतात. गावाला नाव देण्याची गरज पडते तीच मुळी बाहेर पडल्यावर.

४

आडनावांचा इतिहास सत्तेच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. युरोपात वंशपरंपरागत आडनावे फार लवकर, दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास, जेथे रूढ झाली, अशा देशांत आयर्लंडची गणना होते. 'मॅक' म्हणजे पुत्र आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. म्हणजे ही 'कोणाचो?' या प्रश्नाची उत्तरे. १४६५ साली इंग्रजी अमलाखालील आयरिश संसदेने कायदा केला : डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या परगण्यांत इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यावे. ते एखाद्या गावाचे असावे, रंगाचे असावे, कसबाचे असावे किंवा पदाचे असावे. या यादीत वंशाचे आडनाव नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. गाव, रंग, कसब, पद यांपैकी काहीही चालेल. फक्त 'कोणाचा' हे सांगावयाचे नाही. गाबान म्हणजे लोहार. त्या वंशाच्या मॅक गाबानचा पुढे अनेक ठिकाणी 'स्मिथ' झाला. अर्थ भाषांतरित झाला आणि वंश पुसला गेला.

मालवण किनाऱ्याच्या दक्षिणेला, तेरेखोलच्या पलीकडे, याच्या नेमके उलट घडले. गोव्यात धर्मांतराबरोबर माणसाला पोर्तुगीज आडनाव मिळाले. ते बहुधा दीक्षा देणाऱ्या पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे असे. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा मुलगा. आयर्लंडमध्ये सत्तेने वंशाचे उत्तर हिरावून घेतले. गोव्यात सत्तेने वंशाचे खोटे उत्तर हाती दिले. पुढे यांतील अनेक कुटुंबे वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण या भागांत येऊन स्थायिक झाली. त्यांच्या आडनावातून ना गाव कळते ना कूळ. परंतु आपण पूर्वी कोण होतो, याची आठवण घराघरांत तोंडी टिकून राहिली. आडनाव आणि स्मृती यांची अशी फारकत झाली की स्मृती आडनावाबाहेर जगू लागते.

'कर'-अन्त आडनावाला असा कायदा झाला नाही. गावांच्या नावांनाही आयर्लंडसारखा घाव बसला नाही. ब्रायन फ्रील यांच्या १९८० सालच्या 'ट्रान्सलेशन्स' या नाटकात इंग्रज मोजणीदार आयरिश गावांची नावे इंग्रजीत ओततात, आणि त्याबरोबर लोकांची आपल्याच भूमीशी असलेली भाषिक ओळख तुटू लागते. कोकणातही इंग्रज मोजणीदारांनी गावांची नावे रोमन लिपीत वेडीवाकडी लिहिली. पण देवनागरीत आणि लोकांच्या तोंडी ती शाबूत राहिली. त्यामुळे खानोली आणि खानोलकर हे नाते आजही कोणत्याही मराठी वाचकाला कोशाशिवाय उलगडते. मात्र या पारदर्शकतेचीही मर्यादा आहे. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाने प्रसिद्ध झालेले शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात आहे, आणि दुसरे शिरोडा गोव्यात फोंडा महालात आहे. 'शिरोडकर' या आडनावातून यांपैकी कोणते गाव, हे कळत नाही. आणि जात तर मुळीच कळत नाही.

५

येथे या इतिहासाचा गाभा येतो. गावाच्या नावाला जात नसते. एकाच गावातून निघालेले ब्राह्मण, मराठा, भंडारी, गाबीत, महार यांपैकी कोणीही परगावी त्याच एका 'कर'ने ओळखला जाऊ शकत होता. पदवाचक आडनावाने श्रेणी जाहीर केली, कसबाच्या नावाने जात जाहीर केली. गावाच्या नावाने मात्र ती झाकली, निदान पहिल्या भेटीपुरती झाकली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे झाकणे मोलाचे ठरले, कारण आडनाव आता कागदावर येऊ लागले होते. शाळेचे दप्तर, १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या परीक्षा, पलटणीची नोंद, मुंबईतील गिरणीचे हजेरीपुस्तक या प्रत्येक ठिकाणी एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. लवचीक असलेले आडनाव या रकान्यात कायमचे झाले. गिरणगावात पोचलेल्या चाकरमान्याला 'खंयचो?' हा प्रश्न नव्याने आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. आणि त्याने दिलेले उत्तर त्याच्या नातवाच्या दाखल्यावर आडनाव म्हणून उतरले.

या संदर्भात १९०७ सालचा एक प्रसंग ध्यानात घेण्यासारखा आहे. मॅट्रिक झालेल्या एका विद्यार्थ्याच्या अभिनंदनासाठी मुंबईत सभा भरली, आणि तेथे कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. विद्यार्थी होता भीमराव रामजी आंबेडकर. केळूसकरांचा जन्म १८६०चा, वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा. केळूसमध्ये ते अर्जुनचे चिरंजीव होते. मुंबईच्या शाळेत शिक्षक, चरित्रकार आणि सार्वजनिक कार्यकर्ते म्हणून ते 'केळूसकर' झाले. आंबेडकरांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. त्यांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे कुटुंबाचे मूळ गाव, आणि सकपाळ हे कुळाचे आडनाव. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या दप्तरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. ज्या गावात तो मुलगा जन्मला नव्हता आणि वाढलाही नव्हता, त्या गावाचे नाव एका पलटणीतल्या सुभेदाराच्या स्थलांतराबरोबर कोकणातून मध्य भारतात आणि तेथून देशावर आले, आणि शाळेच्या रकान्यात स्थिर झाले.

या दोन 'करां'ची ती भेट केवळ योगायोग मानता येत नाही. कोकणातून बाहेर पडलेल्या, परंपरेने विद्येपासून दूर ठेवलेल्या समाजांतील दोन पिढ्या एका सभेत समोरासमोर आल्या, आणि दोघांच्या नावांत गावच होते. गावऱ्हाटीत ज्यांना मान नव्हता, त्यांनी गावाचे नाव आपले म्हणून पुढे नेले, हा या प्रत्ययाचा सामाजिक अर्थ आहे. 'गावकर' या शब्दाने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांना गावाच्या नावापुढचा 'कर' नाकारण्याची सोय कोणापाशी नव्हती. झाकण अपुरे होते, हेही खरे. 'कुठले शिरोडकर?' हा पुढचा प्रश्न जात शोधणाऱ्याच्या ओठांवर तयार असेच. शाळेच्या वर्गात आंबेडकरांना जे भोगावे लागले, ते आडनावाने टळले नाही. आडनावाने फार तर एक क्षण मिळत असे. पण ज्याला तोही क्षण मिळत नव्हता, त्याच्या दृष्टीने तो क्षण लहान नव्हता.

६

तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर संगीताच्या इतिहासात या आडनावांनी बजावलेली कामगिरी अजून पुरेशी वाचली गेलेली नाही. देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजात मुलाला बापाचे नाव लावण्याचा अधिकार नव्हता. 'कोणाचो?' या प्रश्नाचे उत्तर गावाला ठाऊक असे. पण ते उच्चारले जात नसे. अशा वेळी उरतो तो दुसरा प्रश्न. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. दीनानाथांचे वडील मंगेशीच्या देवळात अभिषेकी होते, आई येसूबाई. दीनानाथांनी आडनाव घेतले ते गावाचे आणि देवाचे : मंगेशकर. किराणा घराण्याच्या हिराबाईंनी तर गावाऐवजी एका शहराचे, बडोद्याचे, नाव घेतले आणि त्या बडोदेकर झाल्या. भारतीय संगीतातील काही सर्वश्रेष्ठ नावे अशा रीतीने नाकारलेल्या पितृनामाच्या जागी उभी आहेत. याच समाजातील सुधारक राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला 'मी कोण?' हे नाव दिले. त्या प्रश्नचिन्हासमोर 'पैंगीणकर' हे आडनाव ठेवून पाहिले, तर दोन प्रश्नांमधली दरी स्पष्ट दिसते. आडनाव पैंगीण दाखवते. शीर्षक विचारते ते आडनाव सांगू शकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत या इतिहासाला आणखी एक पदर आहे. लग्नानंतर स्त्रीच्या नावाला जे गाव चिकटते, ते तिच्या सासऱ्याच्या पूर्वजाने सोडलेले गाव असते. मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्येचे नाव किशोरी आमोणकर. गायकी आईकडून आली, गाव नवऱ्याकडून. आईच्या आडनावात मात्र स्वतःच्या जन्माचे गाव होते. म्हणजे ज्या व्यवस्थेने स्त्रीला पितृनाम नाकारले, त्याच व्यवस्थेत तिच्या नावात तिचे स्वतःचे गाव राहिले, असा हा विचित्र हिशेब आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव अनिवार्य केले. स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आता कागदावर आला. 'कोणाचो?' या प्रश्नाला आता निदान दोन उत्तरे द्यावी लागतील. चौथ्या जागी असलेले गाव मात्र पूर्वीप्रमाणे पित्याच्याच वाटेने येत राहील.

७

या विवेचनाचा साहित्यविचाराशी संबंध काय? चि. त्र्यं. खानोलकरांनी कादंबऱ्या आणि नाटके आपल्या नावाने लिहिली, आणि कविता 'आरती प्रभू' या नावाने. या टोपणनावाची चर्चा बहुधा भक्तिभावाच्या किंवा स्त्रीनामाच्या अंगाने होते. परंतु दक्षिण कोकणात प्रभू हे एक रूढ आडनाव आहे, आणि ते पदवाचक आहे. म्हणजे कवितेपुरते या लेखकाने सोडलेल्या गावाचे नाव उतरवून ठेवले आणि जेथे 'खंयचो?' हा प्रश्नच लागू होत नाही असे नाव धारण केले. गद्यात मात्र गाव परत आले. 'कोंडुरा' (१९६६) या कादंबरीचे शीर्षक म्हणजे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील एका स्थळाचे नाव. जयवंत दळवी यांचे आडनाव लष्करी पदाचे. त्यात आरवली नाही. ती त्यांच्या गद्यात आली. आडनाव, टोपणनाव आणि शीर्षक ही तीन स्थाने एकत्र वाचली, तर लेखकाचे भूमीशी असलेले नाते 'मातीची ओढ' या शब्दांत मावत नाही. ते नाते अंतराचे आहे, आणि साहित्यात गावाला नाव मिळते ते या अंतरामुळेच.

म्हणून आडनावाच्या आधारे लेखकाला भूमीत रोवून टाकणारी समीक्षा, आणि आडनावाच्या आधारे माणसाची जात हुडकणारी सामाजिक सवय, या दोहोंची चूक एकच आहे. दोघीही आडनावाला स्थिर वारसा समजतात. वास्तविक ते तारीख असलेले कागदपत्र आहे. कोणी, कोणाला, कोठे, कोणत्या कारणाने हे नाव दिले, आणि ते कोणत्या रकान्यात कायम झाले, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

मोगूबाईंची कुर्डी आता नेहमीच्या अर्थाने गाव राहिलेली नाही. साळावली धरणाच्या जलाशयात १९८०च्या दशकात ती बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती, भिंतींचे अवशेष आणि देवळाची जागा काही आठवडे वर येतात. विखुरलेले कुर्डीकर तेव्हा तेथे जमतात, आणि पावसाबरोबर गाव पुन्हा पाण्याखाली जाते. सिंधुदुर्गातही तिलारी प्रकल्पाने दोडामार्ग भागातील गावे उठविली. उठविलेल्यांना पुनर्वसनाच्या जागी शेजारी पुन्हा तोच प्रश्न विचारतात, आणि ते बुडालेल्या गावाचे नाव सांगतात. 'कर' या प्रत्ययाचा कारखाना बंद पडलेला नाही. पूर्वी तो सोडलेल्या गावाच्या नावावर चालत असे. आता जेथे परत जाता येणार नाही, अशा गावाच्या नावावरही चालतो.